दोरवही

(स्नेहमेळाव्यात १९९६ च्या दहावीच्या तुकडीतर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि सोबत विषयही दिला आहे, 'बदलतं तंत्रज्ञान आणि आपण'. पत्रिकेत तसं छापलंही आहे. पण काल रात्री माझं एका मैत्रिणीशी बोलणं झालं आणि मी विषय बदलला. आज मी दोराबद्दल बोलणार आहे. मैदानाच्या कोपऱ्यात कडुनिंबाजवळ जी लोखंडी कमान होती, तिला टांगलेल्या आपल्या मल्लखांबाच्या दोराबद्दल. आयोजकांनी माफ करावं. दहाची पंधरा मिनिटं झाली तरी माफ करावं.

सुरुवात मात्र फार लांबून करते.

काही वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी मी वर्षभर अमेरिकेत होते, फ्लोरिडा राज्यात, ऑरलँडो शहराजवळ. त्या भागात इतकी तळी आहेत की आपल्यासारख्या, नळ किती दिवसांनी येतो यावर गप्पा मारत मोठ्या झालेल्या अकोल्याच्या माणसाला आधी राग येतो आणि मग हसू येतं. एका रविवारी ऑफिसातले सहकारी मला अशाच एका तळ्यावर वॉटर स्कीइंग बघायला घेऊन गेले. पुढे मोटरबोट, तिला बांधलेली लांब दोरी, आणि दोरीची मूठ धरून पाण्यावरून घसरत जाणारा माणूस. हा खेळ १९२२ साली मिनेसोटातल्या लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएल्सन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने सुरू केला. त्याची दोरी म्हणजे खिडकीच्या तावदानाला लावतात तसली साधी शंभर फूट दोरी होती.

आता त्या दोरीचं गणित फार पक्कं झालं आहे. या खेळात स्लालम नावाचा प्रकार असतो. बोट मधल्या रेषेतून सरळ जाते. दोन्ही बाजूंना मिळून सहा तरंगते गोळे असतात, प्रत्येक गोळा मधल्या रेषेपासून साडेअकरा मीटर दूर. दोरी धरलेल्या खेळाडूने प्रत्येक गोळ्याला बाहेरून वळसा घालायचा. आधी बोटीचा वेग वाढवत नेतात. वेगाची मर्यादा गाठली की दोरी आखूड करायला लागतात. पूर्ण दोरी १८.२५ मीटरची. मग १६, मग १४.२५, १३, १२, आणि मग ११.२५. लक्षात आलं का? गोळा ११.५ मीटरवर आणि दोरी ११.२५ मीटरची. दोरी गोळ्यापर्यंत पोचतच नाही. उरलेलं अंतर खेळाडूने अंग आडवं टाकून, हात पसरून भरायचं. तिथे चार बोटं इकडेतिकडे झाली की सगळा हिशोबच बदलतो.

मी खेळ बघत होते, पण माझं लक्ष वेधलं काठावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी. त्यांनी एक कोरी दोरी खांबाला अडकवली होती. दुसऱ्या टोकाला ताणकाटा लावून ती ओढून धरली होती आणि ताणलेल्या अवस्थेत टेपने एकेक भाग मोजत होते. मी विचारलं, दुकानातून आली तेव्हा मोजूनच आली असेल ना? ते म्हणाले, सैल दोरीच्या लांबीला काही अर्थ नाही, आणि पहिल्या काही फेऱ्यांत नवी दोरी वाढते. म्हणून आधी ती ओढून घ्यायची, मग ताण देऊन मोजायची, वापरायची आणि पुन्हा मोजायची. मग त्यांनी खिशातून एक छोटी वही काढून आकडा लिहिला. तारीख, ताण, लांबी, आणि शेवटच्या रकान्यात मोजणाऱ्याची सही.

चार रकाने. मी तिथेच गवतावर बसले. सोबतच्यांना वाटलं मला ऊन लागलं. अकोल्याच्या मुलीला फ्लोरिडात ऊन लागणार! ती वही मी ओळखली होती. तशीच वही आपल्या शाळेत माझ्या ताब्यात होती. आपण तिला दोरवही म्हणायचो.

आपल्यातल्या मुलग्यांना मुलींच्या पथकाबद्दल फारसं माहीत नसेल, कारण आम्ही सरावाला येण्याआधी सर तुम्हाला मैदानातून हाकलायचे. म्हणून थोडक्यात सांगते.

मल्लखांब आपल्या मराठी मातीचा. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी त्याला पुन्हा उभं केलं. पुरलेल्या मल्लखांबाला लाकूड सागाचं किंवा शिसवीचं, त्यावर एरंडेल चोळायचं. टांगलेला प्रकार पूर्वी वेताचा असे. वेताच्या जागी पुढे सुती दोर आला, आणि हा दोराचा मल्लखांब मुलींचा म्हणून रुजला. दोर पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात पकडायचा, अंगाभोवती घ्यायचा, आणि हात सोडून द्यायचे. गाठ कुठेही मारायची नाही. ज्याला आम्ही अढी म्हणायचो ती नुसत्या वेढ्याने आणि अंगाच्या वजनाने बसते. आपल्या वऱ्हाडात गाठ म्हटलं की १७० किलोची रुईची गाठ आठवते, पण दोराच्या मल्लखांबात छटाकभराचीही गाठ चालत नाही.

आमच्यासाठी या विद्येची पंढरी म्हणजे अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापन केलेलं, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे आपले देशी खेळ दाखवून आलेलं. सर आम्हाला एकदा पॅसेंजरने बडनेऱ्याला उतरवून तिथे घेऊन गेले होते. परतताना गाडीत सगळ्यांचे डोळे लकाकत होते. पुढे कित्येक वर्षांनी, २०१९ साली, मुंबईत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा परदेशी मुली दोरावर बघून मी पुण्यात टीव्हीसमोर एकटी टाळ्या वाजवत होते. पण १९९४ साली आमच्यासाठी जग म्हणजे अमरावती होतं, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस अमरावतीत विभागीय स्पर्धा होती.

आता दोर. दोर आणायचे आपले शिपाईकाका. दोर वळणं हा त्यांच्या घरचा पिढ्यांचा धंदा. पोळ्याच्या आधी त्यांचे भाऊ वेसणी, कासरे आणि मठाट्या घेऊन बाजारात बसायचे. श्रावणात राजराजेश्वराच्या कावडीला गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी आणणारी मंडळी घागरी बांधायला त्यांच्याकडून दोर न्यायची. काका दोर वावेने मोजायचे, दोन्ही हात पसरून छातीवरून. सर स्टीलच्या टेपने मोजायचे. दोघांचं माप जुळलं की काका मिशीत हसायचे.

पहिल्या दिवशी मी काकांना विचारलं होतं की दोर आला, मग आज चढू का? ते म्हणाले, "घाई कायले करून रायली वं पोरी? दुकानातून दोर इकत भेटते. तयार दोर इकत भेटत नाई. थो इथंच तयार करा लागते."

तयार करण्याला आम्ही 'दोर मुरवणं' म्हणायचो, लोणच्यासारखं. पद्धत अशी होती. नवा दोर कमानीला टांगायचा. त्यावर बरोबर दहा फुटांच्या अंतराने दोन लाल दोरे शिवायचे. खाली पन्नास किलोचं वाळूचं पोतं अडकवायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, पोतं लटकलेलं असतानाच, लाल दोऱ्यांमधलं अंतर मोजायचं. दहा फुटांचे दहा फूट पाच इंच झालेले असायचे. त्याच्या पुढच्या दिवशी सात इंच. मग आठ. मग पाव-अर्धा इंच. सलग दोन दिवस आकडा हलला नाही की दोर मुरला. मग आधी लहान मुलींनी चढायचं, मग मोठ्यांनी, आणि सगळ्यांत शेवटी त्यावर सुरक्षेचा लाल दोरा शिवायचा.

यामागचं कारण मला इंजिनिअरिंगला गेल्यावर नीट कळलं. नव्या दोराचे तीन पदर एकमेकांवर सैल बसलेले असतात. भार पडला की पदर आत सरकतात, पीळ घट्ट बसतो आणि दोर लांब होतो. ही वाढ कायमची, ती परत जात नाही. शिवाय दरवेळी भार दिल्यावर जी थोडी वाढ होते आणि भार काढला की परत जाते, ती वेगळी. म्हणून नव्या दोराला एक लांबी नसतीच. किती भाराखाली, आणि कितव्या दिवशी, हे सांगितल्याशिवाय आकडा अपुरा. दुसरं म्हणजे नवा दोर ताठ असतो, त्यावर खळीची चकाकी असते. तो अंगाला वळसा घेत नाही, अंगठ्यात धरत नाही. वापरून त्याच्यावर बारीक लव आली की मग अढी बसते. वापरून मऊ झालेल्या धोतराला आणि नव्या कोऱ्या धोतराला जसा फरक असतो, तसा.

हे सगळं दोरवहीत लिहायचं. तारीख, वजन, लांबी, सही. नववीत सरांनी मला पथकाची प्रमुख केलं आणि वही माझ्या हातात दिली.

त्या वर्षी जुना दोर उंदरांनी कुरतडला. काकांनी दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी नवा दोर आणून दिला. सर म्हणाले, तुझं घर जवळ आहे, सुट्टीत रोज संध्याकाळी येऊन दोर टांग, वजन लाव, मोज. कोठीची किल्ली काकांकडे, आणि काकांची खोली शाळेच्या मागेच. सात दिवसांचं काम होतं.

मी एकही दिवस गेले नाही.

कारण अगदी साधं आहे. आत्याचं अमरावतीहून पत्र आलं, मी फराळाला गेले, आतेबहिणींत रमले आणि राहिले. शाळा उघडायच्या आदल्या रात्री परत आले. कंदिलाजवळ बसले, कारण वीज गेली होती, वही उघडली, आधीच्या दोराचं पान काढलं आणि त्यावरून सात ओळी भरून टाकल्या. हुबेहूब उतरवलं तर पकडली जाईन म्हणून कुठे पाव इंच जास्त, कुठे कमी केलं. सात सह्या केल्या. मी हुशार मुलगी होते, तुम्हाला आठवत असेल.

दुसऱ्या दिवशी काका गावी गेले होते. ऑफिसातल्या दुसऱ्या किल्लीने कोठी उघडली. सरांनी वही बघितली, "छान" म्हणाले आणि दोर टांगायला सांगितला. आकड्यापासून तेरा फुटांवर मी सुरक्षेचा लाल दोरा शिवला. त्याचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. डोकं खाली करून, दोर अंगावरून सोडवत घरंगळत येताना या खुणेपाशी थांबायचं. तिथे थांबलं की डोकं आणि गादी यांच्यात एक हात अंतर राहतं.

दोन तास सगळ्या मुली चढल्या-उतरल्या. दोर ताणला जात होता. लाल दोरा इंचाइंचाने खाली सरकत होता आणि कुणाचंही तिकडे लक्ष नव्हतं. माझंही नव्हतं. शेवटी माझी जोडीदार चढली. आमच्यात सगळ्यांत चांगली तीच होती, अमरावतीत तिचं नाव होणार हे ठरलेलं होतं. ती वर गेली, उलटी झाली, हात सोडले, खुणेपर्यंत आली आणि खुणेपाशीच थांबायला गेली. नंतर मी टेप लावून बघितलं. लाल दोरा अकरा इंच खाली आला होता. उरलेल्या सात इंचांत कोऱ्या दोराने अढी धरली नाही. डोकं वाचवायला तिने हात पुढे केला. मनगट मोडलं.

ती अमरावतीला आली नाही. पुढे कधी दोरावरही चढली नाही. घरचे म्हणाले, पोरीच्या जातीला कशाला हवेत हे उद्योग. त्या काळात त्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

शाळेत चौकशी झाली. वहीत सात दिवसांचे सुंदर आकडे होते. म्हणजे मोजणी बरोबर होती. मग दोरच वाईट असणार. आणि दोर कुणी आणला? काकांनी. स्वस्तातला आणला असेल, मधले पैसे खाल्ले असतील, असंही कुणीकुणी बोललं. मी त्या खोलीच्या दाराबाहेर उभी होते. काका आत उभे होते. ते काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

दोन दिवसांनी काकांनी स्वतःच्या पैशाने दुसरा दोर आणला. हे पैशांचं मला फार उशिरा कळलं. त्यांनी दोर माझ्यासमोर ठेवला, कोठी उघडली आणि कोपऱ्याकडे बोट केलं. वाळूच्या पोत्यावर कोळ्याने जाळं विणलं होतं. महिनाभरात ते पोतं कुणी हलवलंच नव्हतं, आणि सुट्टीभर किल्ली मागायला माझ्याशिवाय कुणी येणार नव्हतं.

त्यांना माहीत होतं. त्या खोलीत उभे होते तेव्हा माहीत नव्हतं की होतं, हे मला आजही सांगता येत नाही. पण त्या दिवशी कोठीत नक्की माहीत होतं.

मला वाटलं आता ओरडतील, सरांकडे नेतील. ते एवढंच म्हणाले, "हा मोज. रोज मोज. मी बसतो."

आणि ते बसले. सात दिवस, शाळा सुटल्यावर, कमानीजवळच्या पायरीवर, बिडी न ओढता. मी पोतं लावलं, टेप धरली, आकडा लिहिला, सही केली. तिसऱ्या रात्री अवकाळी पाऊस आला. सकाळी घाबरून मोजायला गेले तर दोर अर्धा इंच आखूड झालेला. मला वाटलं माझं मोजमाप चुकलं. आधी मी असते तर तो आकडा 'नीट' करून लिहिला असता. काका म्हणाले, "कापूस हाय थो. पानी पेला का फुगते, फुगला का आखुडते. वाळला का पाह्य. जे दिसते थेच लिही." मी जे दिसलं तेच लिहिलं. त्या पानावर आकडे वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. ते पान बघायला मुळीच सुबक नव्हतं. तो दोर आपल्या शाळेत चार वर्षं चालला.

आम्ही अमरावतीला गेलो, जोडीदाराविना. काय निकाल लागला ते सांगण्यासारखं नाही. दहावी झाली, बारावी झाली, अमरावतीला इंजिनिअरिंग झालं, पुण्याला नोकरी लागली, आणि काका वारल्याचं मला दोन वर्षांनी कळलं.

आता थोडं तंत्रज्ञान, म्हणजे पत्रिकेतला विषय अगदीच वाया जायला नको. आमच्या कामात लोड टेस्टिंग नावाचा प्रकार असतो. नवी यंत्रणा बाहेर सोडण्याआधी तिच्यावर मुद्दाम भार टाकायचा, एकाच वेळी हजारो लोक वापरताहेत असं नाटक करायचं, आणि किती ताणली जाते ते रोज मोजून लिहायचं. वाळूचं पोतंच म्हणा ना. दोन वर्षांपूर्वी माझ्या हाताखालच्या एका नव्या मुलीने आठवडाभराच्या चाचणीचा अहवाल आणला. आकडे फार सुबक होते. रोज थोडे थोडे सुधारत गेलेले, कुठे पाऊस नाही, कुठे अर्धा इंच मागे नाही. ते पान मी ओळखलं, कारण तसलं पान मी स्वतः कंदिलाच्या उजेडात लिहिलं होतं.

तिला मी एवढंच विचारलं, "चाचणी चालू केलीस त्या दिवशी यंत्रणेत कोण लॉगिन होतं?" तिचा चेहरा उतरला. माझ्या हातात तेव्हा तिची नोकरी होती. मी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "आता चालू कर. मी बसते." आम्ही पाच दिवस बसलो. चौथ्या दिवशी यंत्रणा कोसळली, ग्राहकाच्या हातात जाण्याआधी, आमच्या हातात. त्या मुलीला काकांचं नाव माहीत नाही. पण त्या खुर्चीवर कोण बसलं होतं ते मला माहीत आहे.

मग हे आज, एकतीस वर्षांनी, भरल्या सभागृहात का सांगायचं?

काल रात्री मी माझ्या त्या जोडीदाराला सगळं सांगितलं. ती मूर्तिजापूरला असते, शाळेत शिकवते, आणि आत्ता तिसऱ्या रांगेत बसली आहे. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर माझ्याशी बोलणं टाकेल. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मले सांगून काय फायदा वं? माहं हाड कवाच जुळलं. थ्या काकाचं नाव अजून तसंच हाय. उद्या सगळ्यांसमोर सांग." आणि पुढे म्हणाली, "माह्यावाला राग मंग पाहू." तो राग अजून शिल्लक आहे. तो तिचा हक्क आहे आणि मी वाट बघेन.

तर सांगते. सर, तुम्ही आज पहिल्या रांगेत आहात. त्या दोरवहीतल्या सात ओळी खोट्या होत्या आणि त्या मी लिहिल्या होत्या. तुम्ही वहीवर विश्वास ठेवलात, यात तुमची चूक नव्हती. वहीवर विश्वास ठेवायचा असतो, म्हणूनच वही असते. दोर वाईट नव्हता. काकांनी चांगला दोर आणला होता, पूर्ण पैशांचा, आणि तो फक्त मुरवलेला नव्हता. काकांचे थोरले चिरंजीव आज इथे आले आहेत. दादा, तुमच्या वडिलांवर या शाळेत जो आळ आला तो माझा होता. त्यांनी तो माझ्या अंगावर येऊ दिला नाही. मी चौदा वर्षांची होते असं म्हणून मला सुटता येईल, पण पंचविसाव्या वर्षीही मी बोलले नाही, पस्तिसाव्या वर्षीही नाही. मी तुमची आणि तुमच्या घरच्यांची माफी मागते. हे भाषण स्मरणिकेत छापलं जाणार आहे असं कळलं. ते जसंच्या तसं छापा. काकांच्या बाजूने लिहिलेला एक कागद या शाळेच्या दप्तरात असायला हवा.

आता शेवटचं. शाळेत मुलींचं पथक पुन्हा सुरू झालंय हे ऐकून आम्ही काही जणींनी वर्गणी काढून एक नवा सुती दोर घेतला आहे. तो दादांच्याच घरून घेतला, त्यांचे पुतणे अजून दोर विकतात. आज मुख्याध्यापिका बाईंच्या हाती तो द्यायचा असं कार्यक्रमपत्रिकेत आहे. बाई, मी तो आज देणार नाही. तो अजून तयार नाही.

मी आठ दिवसांची रजा काढली आहे आणि भावाकडे अकोल्यातच राहणार आहे. दोर आज सकाळी कमानीला टांगला. दहा फुटांवर दोन लाल दोरे शिवले, त्यातला एक माझ्या जोडीदाराने शिवला, डाव्या हाताने टाका घालत. नवी दोरवहीही आणली आहे. पहिली मोजणी उद्या संध्याकाळी पाच वाजता. पथकातल्या मुलींना मी बोलावलं आहे. टेप त्या धरतील, आकडा त्या लिहितील, सही त्या करतील. मी पायरीवर बसेन.

वर्गमित्रांनो, तुम्हीही या. वाळूचं पोतं मिळालं नाही तरी अडणार नाही. आज तुम्हाला मंचावर चढताना बघितलं, पन्नास किलो तर आपल्यातला कुणीही सहज भरून काढेल.